बैल बदलण्याआधी बाजू बघा

गेल्या हिवाळ्यात दौंड तालुक्यातल्या एका गावी टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या लिलावाला गेलो होतो. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, आठ संघमालक आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक वही. खेळाडूचं नाव पुकारलं की वहीतले उरलेले पॉइंट मोजायचे आणि बोली लावायची. लिलाव संपत आला तेव्हा एका मालकाने आपल्या ओपनरचं नाव काढलं. पोरगा हाताचा चांगला, पण मागच्या स्पर्धेत त्याची बॅट चालली नव्हती. "हा घ्या आणि तुमची ती दोन पोरं द्या," मालक म्हणाला. समोरचा कचरत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, राजस्थानने रहाणे देऊन तेवतिया घेतला, काय बिघडलं? एका ओव्हरमध्ये पाच सिक्स मारले की त्याने!" मंडपातल्या माना हलल्या आणि सौदा झाला. पोरगा तिथेच खांबाला टेकून उभा होता. दोन माणसं आपलं मोल ठरवताहेत हे ऐकत तो चपलेच्या टोकाने फरशीवर वाळलेला गुलाल खरवडत राहिला.

परतताना दौंड स्टेशनबाहेर चहाला थांबलो. सोबत दौंडचे माझे जुने स्नेही होते. तीस वर्षं पोरांना क्रिकेट शिकवणारा माणूस. त्यांच्या शब्दाला तालुक्यात वजन आहे, म्हणूनच त्यांचं म्हणणं तसंच सोडून देता येत नाही. त्यांच्या मते तो सौदा बरोबर होता आणि आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सने २०१९ मध्ये केलेला रहाणे-तेवतियाचा सौदाही बरोबर होता. मला दोन्ही चूक वाटतात. त्या दिवशी गाडीची वेळ झाली म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो.

आधी त्यांची बाजू त्यांच्याच ताकदीने मांडली पाहिजे. पहिला मुद्दा, टी-ट्वेंटी हा चेंडू मोजून खेळायचा खेळ आहे आणि अजिंक्य रहाणे संथ होता. दुसरा, एकतिशी गाठलेला एक फलंदाज देऊन दोन तरुण खेळाडू मिळाले, म्हणजे हिशेबात फायदाच. तिसरा, शारजात तेवतियाने मारलेल्या त्या पाच षटकारांनी सौद्यावर शिक्कामोर्तब झालं. चौथा, रहाणे पुढे दिल्लीकडून आणि कोलकात्याकडून चाललाच नाही, म्हणजे राजस्थानची पारख खरी ठरली. आणि शेवटचा, जो त्यांनी चहाचा कप ठेवता ठेवता टाकला, "तो तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला, म्हणून तुमचा जीव तुटतो."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे. मी शिरूरचा. आमच्या गावाखालची घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आताचा अहिल्यानगर. त्याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द हे रहाणेचं जन्मगाव. डोंबिवलीत वाढलेला आणि मुंबईकडून खेळलेला हा मुलगा आमच्याकडच्या लोकांना घरचा वाटतो, मलाही वाटतो. पण जिव्हाळा हा काही पुरावा नव्हे. मेलबर्नच्या कसोटीतलं त्याचं शतकसुद्धा मी इथे साक्षीला आणत नाही. कसोटीतली साक्ष टी-ट्वेंटीच्या खटल्यात चालत नाही. फक्त आयपीएलचे आकडे घेऊन बोलू.

सौदा काय होता ते आधी नीट पाहू. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी राजस्थानने रहाणे दिल्ली कॅपिटल्सला दिला आणि बदल्यात राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे हे दोन लेगस्पिनर घेतले. अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, त्यामुळे कुणी त्याला हाताला धरून बाहेर काढलं असं मी म्हणणार नाही. संघाला खेळाडू बदलण्याचा अधिकार आहे, तेही मान्य. माझा प्रश्न अधिकाराचा नाही, पारखीचा आहे. रहाणे त्या संघाकडून १०० आयपीएल सामने खेळला होता. २०१२ च्या मोसमात त्याने ५६० धावा केल्या होत्या. त्याच मोसमात बंगळुरूला श्रीनाथ अरविंदच्या एका षटकात सहा चेंडूंवर सहा चौकार मारून नाबाद १०३ केले होते. २०१५ मध्ये पुन्हा ५४० धावा. सगळ्या मैदानभर फटके मारणारा हा माणूस राजस्थानने पाहिला होता. तो संथ का झाला, हा प्रश्न सर्वात आधी त्याच संघाला पडायला हवा होता.

आता 'संथ' या शिक्क्याकडे येऊ. २०१८ मध्ये रहाणेने ३७० धावा केल्या, दर शंभर चेंडूंना सुमारे ११८ या गतीने. ही गती कमी होती, यात वाद नाही. पण सौदा झाला २०१९ च्या मोसमानंतर, आणि त्या मोसमात त्याच्या ३९३ धावा जवळजवळ १३८ च्या गतीने आल्या होत्या. २० एप्रिल २०१९ ला, मोसम अर्धा झालेला असताना, त्याच्याकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. दोनच दिवसांनी, २२ एप्रिलला, जयपूरला त्याने ६३ चेंडूंत नाबाद १०५ केले, तेही दिल्लीविरुद्ध. ऋषभ पंतने तो सामना हिसकावून नेला, शतक वाया गेलं. पण माणूस बदलत होता, गती वाढत होती, हे आकड्यांतच लिहिलेलं होतं. राजस्थानने आदल्या वर्षीचा शिक्का बघितला आणि चालू वर्षाचा खेळ बघितला नाही.

हे मी मागाहून शहाणपण शिकवतोय असं कुणाला वाटत असेल, तर सौद्यानंतर महिन्याभरात काय झालं ते पाहावं. डिसेंबर २०१९ च्या लिलावात राजस्थानने रॉबिन उथप्पाला ३ कोटी देऊन घेतलं. उथप्पा गुणी फलंदाज, त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण तो रहाणेपेक्षा अडीच वर्षांनी मोठा, आणि २०१९ च्या मोसमातली त्याची गती होती ११५ च्या आसपास. वय आणि गती ही दोन कारणं देऊन ज्या संघाने रहाणेला जाऊ दिलं असं आपण मानतो, त्याच संघाने वयाने मोठा आणि गतीने कमी फलंदाज पैसे मोजून आणला. उथप्पा २०२० मध्ये १२ सामन्यांत १९६ धावा करू शकला आणि पुढच्याच जानेवारीत चेन्नईला दिला गेला. दौंडचे माझे स्नेही म्हणतात की राजस्थानने हिशेब केला. हिशेब केला असता तर ही खरेदी झालीच नसती. एका नावाचा कंटाळा आला आणि दुसऱ्या नावाची नवलाई वाटली, एवढंच मला यात दिसतं.

मग तेवतिया? त्या पाच षटकारांना मी कमी लेखणार नाही. २७ सप्टेंबर २०२० ची शारजाची रात्र ज्याने पाहिली तो ती विसरणार नाही. पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग, आणि चौथ्या क्रमांकावर आलेल्या तेवतियाच्या २३ चेंडूंत १७ धावा. आपल्याकडे देवळासमोरच्या पडद्यावर सामना पाहणारी पोरं ओरडत होती, "आउट हो रे बाबा, आउट हो!" तज्ज्ञ समालोचकांनाही तो डाव म्हणजे चूक वाटत होती. आणि मग अठराव्या षटकात शेल्डन कॉट्रेलला पाच षटकार. ३१ चेंडूंत ५३ करून तो बाद झाला तेव्हा सामना राजस्थानच्या हातात आला होता.

आता हाच डाव जरा शांतपणे पाहा. तेविसाव्या चेंडूला जर आपल्या हातात सौद्याची वही असती, तर आपण तेवतियालाही कुणाच्या तरी बदल्यात देऊन टाकलं असतं. तो वाचला, कारण त्या रात्री त्याला मधूनच बाहेर काढायची सोय नव्हती. पुढचे आठ चेंडू त्याला मिळाले. म्हणजे ज्या डावाचा दाखला देऊन रहाणेचा सौदा बरोबर ठरवला जातो, तोच डाव सांगतो की अडलेल्या खेळाडूला वेळ द्या, तो मोकळा होतो. तेवतियाचे आठ चेंडू मान्य असतील तर रहाणेचे आठ सामनेही मान्य करायला हवेत.

आणि राजस्थानला या सौद्यातून शेवटी मिळालं काय? २०२० मध्ये संघ तळाला, आठव्या जागी. २०२१ मध्ये सातवा. मार्कंडे मैदानावर फारसा दिसलाच नाही. तेवतियाला दोन मोसमांनंतर संघाने राखलं नाही. मोठ्या लिलावाआधी मोजकेच खेळाडू राखता येतात, हे खरं. पण परिणाम तोच. २०२२ च्या लिलावात गुजरात टायटन्सने त्याला ९ कोटींना घेतलं आणि त्याच वर्षी २९ मे रोजी अहमदाबादला गुजरातने अंतिम सामन्यात हरवलं ते राजस्थानलाच. तेवतिया तेव्हा गुजरातच्या संघात होता. एक घर सोडून दुसरं घर घेतलं आणि दोन वर्षांत दुसरंही गेलं. याला फायद्याचा व्यवहार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. रहाणे दिल्लीत चालला नाही, हे सत्य आहे. २०२० मध्ये ९ सामन्यांत ११३ धावा. त्यातल्या ६० एका सामन्यात, बंगळुरूविरुद्ध, ज्या विजयामुळे दिल्ली गुणतक्त्यात दुसरी आली. २०२१ मध्ये २ सामने, ८ धावा. मग कोलकात्याने १ कोटीला घेतलं, २०२२ मध्ये ७ सामन्यांत १३३ धावा आणि शेवटी स्नायूची दुखापत. तीन मोसम वाया गेले. यात रहाणेचाही दोष आहे, तो मी झाकणार नाही. आपला खेळ बदलायला हवा हे त्याला उशिरा उमगलं. पण दिल्लीत सलामीला शिखर धवन आणि पृथ्वी शॉ, मध्ये श्रेयस अय्यर आणि पंत. त्याला घेतलं, पण त्याची जागा कोणती ते ठरवलंच नाही. ज्याला अर्धा मोसम बाकावर बसवून एकदम आत पाठवतात, तो विकेट सांभाळूनच खेळणार. त्यातून संथपणा आणखी वाढतो आणि शिक्का आणखी घट्ट बसतो.

आता २०२३ पाहू. डिसेंबर २०२२ च्या लिलावात रहाणेसाठी चेन्नईखेरीज कुणी हात वर केला नाही. मूळ किंमत ५० लाख, तेवढ्यालाच तो गेला. ८ एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्धचा सामना. मोईन अली आजारी पडला आणि आज तू खेळतोयस हे रहाणेला नाणेफेकीच्या आधी कळलं. तिसऱ्या क्रमांकावर येऊन १९ चेंडूंत अर्धशतक, २७ चेंडूंत ६१. पंधरा दिवसांनी ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. पूर्ण मोसमात ३२६ धावा, गती १७२. अंतिम सामन्यात १३ चेंडूंत २७ आणि गळ्यात विजेतेपदाचं पदक. वय तेव्हा चौतीस. हे फटके त्याने वर्षभरात कुठून विकत आणले नव्हते. सहा चेंडूंत सहा चौकार मारणारे ते तेच हात होते.

बदललं होतं ते काम. चेन्नईत सलामीला ऋतुराज गायकवाड आणि डेव्हन कॉन्वे होते, मागे शिवम दुबे, रायुडू, जडेजा, धोनी. पहिल्या सहा षटकांत विकेट गेली तर ये आणि मोकळा खेळ, आउट झालास तरी मागे माणसं आहेत. राजस्थानमध्ये वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यावर ओझं होतं, टोक धरून ठेव, तू गेलास तर डाव गेला. दोन्हीकडे फलंदाज एकच, पण त्याला दिलेलं काम अगदी वेगळं. कुणी म्हणेल, २०२३ ला इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला, एक जादा फलंदाज मिळाला, म्हणून हे जमलं. काही अंशी खरं आहे. पण तो नियम दहाही संघांना लागू होता. ५० लाखांत रहाणे घेण्याची मुभाही दहाही संघांना होती. एकाच संघाने विचारलं की या माणसाकडून काय करून घ्यायचं. आणि हा एका मोसमाचा झटका होता असं मानणाऱ्यांनी डिसेंबर २०२४ ची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा पाहावी. मुंबई जिंकली, सर्वाधिक ४६९ धावा रहाणेच्या, गती १६४ च्या वर, स्पर्धेचा मानकरी तोच.

माझ्या लहानपणी वडिलांनी चाकणच्या बाजारातून एक खोंड आणला होता. औताला जुंपला की तो अंग चोरायचा, जोडीदाराला ढकलायचा, तास वाकडं जायचं. वडील वैतागले. पुढच्या बाजारी न्यायचं ठरलं. आमच्याकडे एक म्हातारा गडी होता. तो म्हणाला, "दादा, याला एकदा डाव्या अंगाला घालून बघा." बैल ज्या बाजूला शिकलेला असतो त्या बाजूलाच नीट चालतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, पण रागात विसरायला होतं. जोडीची बाजू बदलली. दुपारपर्यंत तास सरळ झालं. पुढे तो बैल आमच्या दावणीला बारा वर्षं होता आणि दर बेंदराला पहिली पुरणपोळी त्याची असायची. रहाणेचं मला काही निराळं वाटत नाही. राजस्थानने बैल बदलला, बाजू बदलून पाहिलीच नाही.

ही चूक फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये अशी अदलाबदल शंभरेक वर्षं चालत आली आहे. १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्जने लू ब्रॉक नावाचा आउटफिल्डर, म्हणजे मागच्या मैदानातला क्षेत्ररक्षक, सेंट लुई कार्डिनल्सला दिला. त्याची बॅट चालत नव्हती, सरासरी .२५१ वर अडली होती. बदल्यात मुख्यतः अर्नी ब्रोलिओ हा आदल्या मोसमात १८ सामने जिंकलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मिळाला. कब्जने बाजी मारली असं तेव्हा शिकागोत भल्याभल्यांचं मत होतं. कार्डिनल्सचे मॅनेजर जॉनी कीन यांनी ब्रॉकला एकच गोष्ट दिली, धावण्याची मोकळीक. वाटेल तेव्हा पळ, बेस चोर, म्हणजे कुणाच्या फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठ. उरलेल्या मोसमात त्याची सरासरी .३४८ झाली, त्याच वर्षी कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि ब्रॉक कारकिर्दीत ९३८ बेस चोरून १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ब्रोलिओचा कोपर दुखावला, कब्जसाठी तो एकूण ७ सामने जिंकू शकला. तिथेही माणूस तोच होता, काम बदललं होतं.

यावर माझे स्नेही म्हणतील, "प्रत्येक अडलेला खेळाडू ब्रॉक किंवा रहाणे निघत नाही. बहुतेक जण अडलेलेच राहतात." बरोबर. म्हणून कुणालाच सोडू नका असं माझं म्हणणं नाही. सोडण्याआधी तीन गोष्टी तपासा, एवढंच सांगतो. हा अडलाय तो चालू मोसमात, की आपण जुन्याच मोसमाचा शिक्का वाचतोय? याला दिलेलं काम याच्या हाताला बसतं का, दुसरी जागा देऊन पाहिली का? आणि याच्या जागी जो आणतोय तो याच मापाने मोजला तर सरस ठरतो का? तिन्हींची उत्तरं नीट देऊन सोडलं, तर तो सौदा पुढे फसला तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. राजस्थानकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, दुसरा त्यांनी विचारला नाही आणि तिसऱ्याचं उत्तर उथप्पाच्या खरेदीने देऊन टाकलं.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितोय ते राजस्थानसाठी नाही. रहाणे कोट्यवधींच्या खेळातला माणूस आहे, त्याने आपली लढाई आपण जिंकली. पण आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आता गावोगावी लिलाव होतात. रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करून, केडगावच्या गुऱ्हाळावर रात्र काढून पोरं रविवारी मैदानात उतरतात. त्यांना लिलावाचे पैसे मिळत नाहीत, वहीतले पॉइंट मिळतात. त्या पॉइंटांवर चावडीत, कट्ट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात वर्षभर त्यांची किंमत ठरते. आपण टीव्हीवरचा एक चुकीचा धडा उचलतो आणि तो या पोरांवर गिरवतो. चेन्नईने रहाणेला तीन वर्षांनी का होईना, दुसरी संधी दिली. आपल्या पोराला तिशीच्या आत संसार लागतो, दुसऱ्या संधीआधीच त्याची बॅट माळ्यावर जाते.

त्या लिलावातल्या पोराला मी स्पर्धेच्या दुसऱ्या रविवारी भेटलो. नव्या संघानेही त्याला ओपनिंगलाच पाठवलं होतं. दोन सामन्यांत चार आणि सात. तिसऱ्या सामन्याला तो बाकावर होता, पाण्याच्या बाटल्या भरत होता. मी सहज विचारलं, तुला कुठल्या नंबरला आवडतं खेळायला? तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "काका, मी खाली बरा खेळतो. बॉल जुना झाला, फिरकी आली की माझा हात बसतो. पण मला कधी कुणी विचारलंच नाही."

दौंडच्या माझ्या स्नेह्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तालुक्यात तुमचा शब्द चालतो. पुढच्या लिलावाला मीही येईन, तुमच्या शेजारी बसेन. कुणी आपल्या खेळाडूचं नाव सौद्याला काढलं की बोली सुरू होण्याआधी तुम्ही त्या पोराला उभं करून विचारा, तू कुठे चांगला खेळतोस? मग बोली लागू द्या.